पुरावा : मागणारे आणि तपासणारे

दलित आत्मकथनांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून गौरवायचे आणि त्या गौरवासकट साहित्याच्या ओसरीवरच बसवून ठेवायचे, ही रीत 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांच्या वेळेपासून मराठी समीक्षेत रुळली आहे. दस्तऐवज म्हणजे पुरावा. परंतु तोच मजकूर इतिहासाच्या चर्चेत ठेवला, की उत्तर येते : ही तर एका माणसाची आठवण, हिला पुरावा कसे म्हणावे? साहित्यात आम्ही केवळ साक्षीदार आणि इतिहासात केवळ लेखक! या कोंडीवर संतापून आपल्यातील अनेकांनी 'आमचा अनुभव हाच आमचा पुरावा' असे बजावले. संताप रास्त आहे. उत्तर मात्र अपुरे आहे, असे मला वाटते.

घरातला एक प्रसंग सांगणे अस्थानी होणार नाही. नोकरीसाठी माझी जात-पडताळणी निघाली, तेव्हा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला गेला. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेचा दाखला नाही. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. ज्या गावाने त्यांना हयातभर वेशीबाहेर ठेवले, त्या गावाला त्यांची जात ओळखण्यासाठी कधी कागद लागला नव्हता. शेवटी कोतवाल बुकात एक नोंद सापडली. मोडीतली, वाचणाऱ्याला पैसे देऊन वाचून घेतली. आजोबांच्या एका मुलीच्या जन्माची ती नोंद. मुलीचे नाव नाही. बापाचे नाव आणि जात तेवढी आहे. ती आत्या घरात कोणालाच आठवत नाही. कचेरीच्या दृष्टीने पुरावा पूर्ण झाला. माझ्या दृष्टीने तो तेथून सुरू होतो. कारण त्या कागदात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिण्याची गरज वाटली नाही, हेही वाचावे लागते.

असे वाचन कसे करावे? 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हाच पेच हाताळला आहे. अस्पृश्यतेच्या उगमाचा प्रत्यक्ष पुरावा नाही, हे ते झाकून ठेवीत नाहीत. हाती आहे तो परिस्थितिजन्य पुरावा. साखळीतले दुवे जेथे निसटले आहेत तेथे कल्पनाशक्ती वापरण्याचा संशोधकाचा हक्क ते सांगतात आणि त्यासाठी आधार घेतात मॅक्झिम गॉर्कीचा, म्हणजे एका कादंबरीकाराचा! निरीक्षण आणि तुलना शास्त्रज्ञालाही हवी नि कलावंतालाही, आणि दोघांनाही कल्पनाशक्ती हवी, असा त्याचा आशय. दस्तऐवज आणि कलाकृती यांच्यात भिंत घालणाऱ्यांनी ही पाने वाचली आहेत काय? पण या हक्काबरोबर बाबासाहेब एक अटही घालतात. मांडलेले गृहीतक भोवतालच्या सर्व वस्तुस्थितीशी जुळले पाहिजे, तिचा उलगडा त्याने केला पाहिजे. तेवढ्यापुरते, आणि तूर्त, ते ग्राह्य मानावे, इतकीच त्यांची वाचकाला विनंती आहे.

त्याच ग्रंथातील नाकांच्या मोजमापांचे प्रकरण पाहा. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या मापावरून जातींची उतरंड वंशाची असल्याचे सांगितले होते. मोजणारा हात कोणाचा, म्हणून बाबासाहेबांनी मापे फेकून दिली नाहीत. घुर्ये यांच्या पुस्तकातील प्रांतवार आकडे घेऊन त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे शेजारी ठेवली व दाखवून दिले, की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. नाकावरून वंश ठरविणे आज शास्त्राने टाकून दिले आहे. म्हणजे ते आकडे आता आपल्याही उपयोगाचे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. विरोधकाच्याच आकड्यांनी त्याचा सिद्धान्त तपासण्याची ती रीत मात्र मला अजून शिकण्यासारखी वाटते.

आपण शिकलो का? जयंतीच्या व्यासपीठावरून 'वाताहत झालेल्या माणसां'चा सिद्धान्त आपण शिलालेख वाचावा तसा वाचतो. ज्यांनी तो गृहीतक म्हणून मांडला त्यांच्याच नावाने तो तपासणीच्या पलीकडे नेऊन ठेवतो. अनुभवाचेही तसेच. आत्मकथनातील एका घराची भूक खरी असते. पण त्या सालचा पाऊस, मजुरीचा दर, बलुत्यात आलेली धान्याची मापे कोणी शोधून तिच्या शेजारी ठेवली, तर त्या भुकेचा अपमान होत नाही. हे काम आपल्या समीक्षेने फारसे केलेले नाही. 'जळजळीत', 'दाहक' अशी विशेषणे लावून ती मोकळी होते.

मागच्या वर्षी तासाला एका विद्यार्थ्याने याच सिद्धान्ताबद्दल विचारले, "सर, याला पुरावा काय?" मागच्या बाकांवरची मुले चिडली, त्यात आमच्या वस्तीतलीही होती. एकाने त्याला खाली बसायला सांगितले. मी त्याला उभेच राहू दिले, पुस्तक त्याच्या हाती दिले आणि प्रस्तावना मोठ्याने वाचायला सांगितली.