शेजाऱ्यामुळे अडलेला उजेड

तुकडोजी महाराजांची खंजेरी आमच्या वर्धा जिल्ह्यात गावोगाव वाजते. दहा खंजेऱ्या आपापल्या लयीत वाजल्या तर नुसता कलकलाट. एका ठेक्यावर आल्या की थाप छातीत बसते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकीचा १९५४ सालचा ‘फिजिकल रिव्ह्यू’मधला निबंध अशाच थापेचा आहे, फक्त खंजेरीच्या जागी उत्तेजित अणू. मी मात्र तो पुन्हा पुन्हा काढतो तो सुरुवातीच्या दोन न्यूट्रॉनांसाठी.

चुंबकीय क्षेत्रात एक न्यूट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर आहे. वेळ लागेल, पण तो प्रकाशकण सोडून खाली येणारच. आता डिकी त्याच्या शेजारी, तरंगलांबीच्या मानाने अगदी जवळ, दुसरा न्यूट्रॉन आणून ठेवतो. हा खालच्याच पातळीवरचा, रिकाम्या हातांनी आलेला. आणि प्रकाशकण बाहेर पडण्याची शक्यता निम्म्यावर येते! शेजाऱ्याने केले काहीच नाही. पण ऊर्जा आता एकट्याची राहिली नाही, जोडीची झाली. जोडी जुळून डोलली तर दुप्पट वेगाने प्रकाशते. उलटसुलट डोलली तर दोघांच्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. सुरुवातीच्या स्थितीत या दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या मिसळलेल्या असतात.

पुढे तीव्रतेचे सूत्र येते: उत्तेजित अणूंची संख्या गुणिले, खाली उतरलेल्यांच्या संख्येत एक मिळवून येणारा आकडा. ते कोरडे दिसते, पण आकडे घालून बघावे. दहा अणू घ्या, सगळे उत्तेजित. पहिल्या क्षणी तीव्रता दहा, म्हणजे सुट्या अणूंइतकीच. निम्मी ऊर्जा सांडली की सुट्या अणूंची तीव्रता पाचवर उतरली असती. इथे ती पाच गुणिले सहा, तीस होते. ओंजळ अर्धी रिकामी झाल्यावर धार वाढते! ऊर्जा जास्तीची कुठून येत नाही, असलेलीच झटक्यात सांडते. आणि ठेका धरून देणारा बुवा कुणीच नसतो.

हा झटका म्हणजेच सुपररेडियन्स. तो १९७३ मध्ये अमेरिकेत हायड्रोजन फ्लोराइड वायूत प्रत्यक्ष दिसला. १९७९ मध्ये पॅरिसला सर्ज आरोश आणि सहकाऱ्यांनी तो रिडबर्ग अणूंत, म्हणजे इलेक्ट्रॉन खूप वरच्या कक्षेत चढवलेल्या अणूंत, पाहिला. इलेक्ट्रॉन पन्नासाव्या कक्षेत चढवला की अणू अडीच हजार पट फुगतो आणि लगतच्या कक्षेत उतरताना सुटणारी लहर पाच-सहा मिलिमीटर लांब असते. तेवढ्या जागेत हजारो अणू सहज मावतात. डिकीला हवे तसेच! पण इतके फुगलेले अणू एकमेकांना थेट ओढू-ढकलू लागतात, प्रत्येकाची पातळी जरा वेगळी सरकते आणि ठेका विस्कटतो. ही आपसातली ओढाताण डिकीने हिशेबात धरली नाही. निबंधाची उणीव म्हणायची तर हीच. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत रेजिश नाथ यांचा गट रिडबर्ग अणूंच्या याच ओढाताणीचे गणित मांडतो.

निबंधाचे नाव झाले ते सुपररेडियन्सच्या झगमगाटामुळे. त्या दोन न्यूट्रॉनांची उलटसुलट डोलणारी जोडी मात्र ऊर्जा धरून अंधारात बसली आहे. डिकी तिला सोडून पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. मी अजून तिथेच आहे.