स्विफ्टच्या ‘विनम्र प्रस्तावा’तील उपरोध

जोनाथन स्विफ्ट (१६६७–१७४५) याचा ‘अ मॉडेस्ट प्रपोझल’ हा निबंध १७२९ साली डब्लिन येथे लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाला. आयर्लंडमधील दरिद्री लोकांची मुले वर्षाची झाली म्हणजे धनिकांच्या भोजनासाठी विकावी, ही त्यातील सूचना सर्वश्रुत आहे. आणि ती सर्वश्रुत असल्यामुळेच निबंधाच्या रचनेकडे बहुधा दुर्लक्ष होते. उपरोध म्हणजे बोलल्याच्या उलट अर्थ, ही व्याख्या पुढे करून त्याची बोळवण केली जाते. परंतु ह्या व्याख्येने येथे हाती काय लागते? मुले खाऊ नयेत, एवढेच. ते सांगण्यासाठी स्विफ्टची आवश्यकता नव्हती. आपल्या अलंकारशास्त्रातील व्याजस्तुतीत स्तुती उलटली की निंदा हाती येते. येथे प्रस्ताव उलटून पाहिल्यास काहीच हाती येत नाही. उलटावयाची आहेत ती प्रस्तावाच्या मुळाशी असलेली गृहीते.

ही गृहीते वाचकाच्या गळी उतरविण्याचे काम निबंधातील कल्पित वक्ता करतो. तो दुष्ट नाही. तो लोकहितदक्ष, हिशेबी आणि काहीसा रुक्ष गृहस्थ आहे. देशाची लोकसंख्या १५ लाख. अपत्यक्षम जोडपी २ लाख. त्यांतून मुलांचे पोषण करू शकणारी ३० हजार वजा, गर्भपात व बालमृत्यू यांचे ५० हजार वजा. म्हणजे दरसाल १ लाख २० हजार गरिबांची मुले. पैकी २० हजार वंशवृद्धीसाठी राखावयाची. संगोपनाचा खर्च २ शिलिंग, विक्रीची किंमत १० शिलिंग, मातेस निव्वळ नफा ८ शिलिंग. ही पद्धती विल्यम पेटी याने प्रतिष्ठित केलेल्या ‘राजकीय अंकगणिता’ची आहे, आणि पेटीनेही आयर्लंडच्या भूमीची व माणसांची मोजदाद केली होती. प्रत्येक आकडा वाचकाला एक पाऊल पुढे नेतो. प्रत्येक पाऊल स्वतंत्रपणे पाहिले तर निरुपद्रवी.

आकड्यांपेक्षाही सूक्ष्म काम शब्द करतात. मराठीत स्त्री बाळंत होते आणि गाय विते. असाच भेद इंग्रजीतही आहे. स्विफ्टचा वक्ता तो भेद सहज मोडून टाकतो. नवजात अर्भकाच्या मातेसाठी तो जनावराच्या आईचा शब्द योजतो, आणि तोही मूळ सूचना उघड होण्यापूर्वी कितीतरी आधी. तेव्हा वाचक दचकत नाही. पुढे सूचना ऐकून तो दचकतो, पण माणसाला गुरांच्या भाषेत मोजण्यास त्याने मागेच संमती दिलेली असते. निबंधाचा खरा डंख ह्या संमतीत आहे.

जमीनदारांविषयीचा उल्लेखही असाच. त्यांनी मुलांचे आईबाप आधीच फस्त केले असल्यामुळे मुलांवर त्यांचाच पहिला हक्क, असे वक्ता शांतपणे नमूद करतो. कुळांना खाणारा जमीनदार ही कोणत्याही देशातील बोलीस परिचित लक्षणा आहे. स्विफ्टने फक्त तिचा वाच्यार्थ घेतला.

निबंधाच्या उत्तरार्धात वक्ता इतर उपायांची चर्चा कोणी करू नये असे बजावतो, व ते सर्व उपाय मोजून दाखवतो: परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, स्वदेशी वस्त्रांचा व वस्तूंचा वापर, परकीय चैनीच्या पदार्थांचा त्याग, पक्षभेदांचे विसर्जन, कुळांविषयी निदान थोडी दया. येथे मुखवटा गळून पडतो व कलेत खंड पडतो असा आक्षेप घेता येईल. तो सयुक्तिक वाटत नाही. वक्ता हे उपाय नाकारतो ते त्याच्या स्वभावास धरूनच. कारण ते अमलात येण्याची आशा त्याला उरलेली नाही. आणि हीच निराशा स्विफ्टचीही होती. आयरिश मालच वापरावा असे त्याने १७२० साली सरळ भाषेत लिहिले, तेव्हा त्या पत्रकाच्या मुद्रकावर खटला भरण्यात आला. १७२४ मध्ये वुडच्या तांब्याच्या नाण्यांविरुद्ध लिहिलेली ‘ड्रेपर’ची पत्रे यशस्वी झाली व १७२५ साली ती सनद मागे घेण्यात आली, हे खरे, तथापि दारिद्र्य होते तसेच राहिले. एकाच वाक्यात वक्त्याचा नकार आणि लेखकाचे आर्जव ऐकू यावे, अशी ही जागा आहे. मन वळविण्याचे सर्व सरळ मार्ग खुंटलेल्या माणसाने लिहिलेला हा मन वळविणारा निबंध होय.

एक गोष्ट मात्र निर्विवाद म्हणता येत नाही. प्रस्तावाचा पहिला लाभ म्हणून वक्ता कॅथलिकांची संख्या घटेल असे सांगतो. हा प्रॉटेस्टंट सत्ताधाऱ्यांच्या क्रौर्याचा उपहास आहे खरा; पण स्विफ्ट स्वतः १७१३ पासून सेंट पॅट्रिक्स या अँग्लिकन कॅथीड्रलचा डीन होता, आणि कॅथलिक पंथाविषयी त्याला प्रेम नव्हते. येथे मुखवटा कोठे संपतो व चेहरा कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण आहे. स्विफ्टला केवळ दीनांचा कैवारी ठरविणाऱ्या टीकाकारांनी ह्या स्थळी थोडे थबकावे.

शेवटी वक्ता आपली निःस्वार्थता सिद्ध करतो: त्याचे सर्वांत धाकटे मूल ९ वर्षांचे आहे व पत्नीचे अपत्यवय उलटले आहे, त्यामुळे ह्या योजनेतून त्याला एक पेनीही मिळणार नाही. स्वतःच्या मुलाकडेही त्याने बाजाराच्याच नजरेने पाहिले आहे. फक्त ते विक्रीच्या वयाचे उरलेले नाही.