दप्तर, वस्तू आणि चिन्ह : दयानिता सिंग यांची ‘फाइल रूम’

मराठीत ‘दप्तर’ हा शब्द कचेरी, तेथील कागदपत्रांचा संग्रह आणि शाळकरी मुलाची पुस्तकांची पिशवी अशा तीन अर्थांनी रूढ आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचे मूळ ‘कातडे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जाते. ज्यावर लिहावयाचे ती वस्तू, लिहिलेल्याचा संचय आणि तो सांभाळण्याची जागा यांना असे एकच नाव लाभले. दयानिता सिंग (जन्म १९६१) यांच्या ‘फाइल रूम’ (२०१३) या छायाचित्रग्रंथाचा विषय नेमका हाच संयोग होय.

भारतातील अभिलेखागारांची ही कृष्णधवल छायाचित्रे फिल्मवर टिपलेली आहेत. मांडण्यांवर दाटीने रचलेले गठ्ठे आणि कापडात बांधलेली गाठोडी हा त्यांचा आशय. क्वचित त्या ढिगांच्या सान्निध्यात अभिलेखपालही दिसतो. रंग वगळल्यामुळे कागद, कापड आणि लोखंड यांतील भेद केवळ पोत व उजेड यांच्या आधारे उमटतो. येथे माध्यमाची निवड अलंकारासाठी नसून आशयाला आवश्यक अशी आहे.

ही चित्रे म्हणजे नोकरशाहीवरील उपहास होय, असे वाचन सुलभ आहे. परंतु ते अपुरे ठरते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमाल ज्या संशोधकाने सोडून पुन्हा बांधले असतील, त्याला गाठीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. गाठ ही कोणाच्या तरी हाताची आणि निर्णयाची खूण असते. बाहेरच्याला जी अडगळ वाटते, तिच्यातील व्यवस्था अभिलेखपालाला ज्ञात असते. त्याचे हे मूक श्रम दृश्य करणे, हे या ग्रंथाचे खरे यश मानावे लागेल.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. सिंग आपल्या छायाचित्रांना मथळ्यांच्या बंधनातून मुक्त ठेवू पाहतात. ‘फाइल म्युझियम’ (२०१२) या कृतीत तर छायाचित्रे लाकडी रचनेत बसविलेली असून त्यांची जागा व क्रम बदलता येतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, येथे प्रत्येक चित्राचे मूल्य शेजारच्या चित्राशी असलेल्या अन्वयातून आणि त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या पर्यायांतून ठरते. शब्दाविषयी सोस्यूरने मांडलेला विचार चित्रालाही असा लागू पडतो.

परंतु दप्तरातील कागदाची रीत याच्या उलट आहे. त्याचे मूल्य त्याच्या ठरलेल्या स्थानावर आणि क्रमांकावर अवलंबून असते. चुकीच्या रुमालात गेलेला कागद हरवल्यासारखाच असतो. आणि त्या कागदावर कोणाची जमीन, कोणाचे निवृत्तिवेतन वा कोणाचा वारसाहक्क अवलंबून असू शकतो. चित्र स्थलांतरित झाले तर नवा अर्थ जन्मतो. कागद स्थलांतरित झाला तर माणसाचा हक्क बुडतो. मथळा वगळताना हा भेद पुसट होतो आणि ज्याच्या श्रमांचा गौरव व्हावयाचा, तो अभिलेखपालही प्रेक्षकाला अनामिकच राहतो.

या मर्यादेमुळे कृतीचे महत्त्व उणावत नाही. उलट संशोधकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट तिच्यातूनच स्पष्ट होते : तो ज्याला ‘साधन’ म्हणतो, ते त्याच्या हाती येण्यापूर्वी कोणीतरी धूळ झटकून, क्रम लावून, गाठ मारून जपलेले असते. साधनांच्या सूचीत अशा व्यक्तीच्या नावाला स्थान असावे की नाही, हा प्रश्न छायाचित्रकलेइतकाच संशोधनशास्त्राचाही आहे.