बाहुली, तिचे चाहते आणि तिचे काम

व्हिडिओ खेळांतील स्त्रीपात्रांच्या ज्या बाहुल्या जपानी कंपन्या काढतात आणि ज्या आज जगभर विकल्या जातात, त्यांच्यावरील वाद गेली कित्येक वर्षे एकाच खुंट्याभोवती फिरतो आहे. तो खुंटा म्हणजे कपडा. तिच्या अंगावर तो किती असावा, कुठे असावा, ओढला तर सुटावा की नाही, ह्यापलीकडे ना तिचे चाहते जातात, ना तिचे निंदक. माझे म्हणणे असे की ह्या बाहुलीत खरी लुबाडणूक झाली आहे ती कपड्याची नव्हे, कामाची.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. पीव्हीसी प्लास्टिकची, वीतभर उंचीची मूर्ती. मोठे डोळे, इवलेसे नाक, कंबरेत मुरडलेली आणि मान वळवून मागे पाहणारी. कोतोबुकिया ही कंपनी 'बिशोजो', म्हणजे सुंदर तरुणी, ह्या नावाची मालिकाच काढते. स्ट्रीट फायटर, टेकन ह्या मारामारीच्या खेळांतल्या बायका तीत येऊन गेल्या. काही कंपन्यांच्या बाहुल्यांचे कपडे काढता येतात. चांगल्या बाहुलीला आज वीस हजार येन सहज पडतात. संग्राहक तिला बाहुली म्हणत नाहीत, 'फिगर' म्हणतात. मराठीत हा शब्द आपण बाईच्या बांध्यासाठीच वापरत आलो, त्यामुळे आपल्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता ही बाई मुळात कोण असते? १९९१च्या स्ट्रीट फायटरमधली चुन-ली ही बापाच्या खुन्याच्या मागावर असलेली पोलीस अधिकारी. निन्टेन्डोच्या १९८६च्या मेट्रॉइडमधली सॅमस ही एकटी परग्रहावर उतरून लढणारी. तिचे तर सगळे अंग चिलखतात होते. ती बाई आहे हे खेळ संपेपर्यंत कळतच नसे. आणि संपल्यावर? जितक्या कमी वेळात तुम्ही खेळ पुरा कराल तितके तिच्या अंगावरचे कमी होई. सर्वांत चपळ खेळाडूला ती पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत दिसे. लढली ती आणि बक्षीस मिळाले खेळणाऱ्याला, तेही तिच्याच अंगाचे. पुढे ज्या बाहुल्या आल्या त्यांची सगळी बीजे ह्या एका युक्तीत आहेत.

पण ह्या विषयाचा खरा नमुना पाहायचा तर 'मेटल गिअर सॉलिड ५' मधली क्वाएट पाहावी. २०१३ साली, खेळ बाजारात येण्याच्या दोन वर्षे आधी, त्याचा कर्ता हिदेओ कोजिमा ह्याने जाहीरपणे लिहिले की पात्रे अधिक कामुक काढावीत असे आपण चित्रकार योजी शिंकावाला सांगत आलो आहोत. लोकांना तसा वेष करावासा वाटावा आणि बाहुल्या चांगल्या खपाव्यात हा त्यामागचा हेतू. हे वाक्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. पात्र आधी आणि बाहुली मागून, असा आपला समज असतो. इथे बाहुलीचा खप आधी ठरला आणि पात्र मागून आले. टीका होताच त्याने 'कामुक' हा शब्द सौम्य केला, आणि तिच्या उघडेपणामागचे गुपित कळेल तेव्हा टीकाकारांना स्वतःच्या शब्दांची लाज वाटेल असे बजावले.

२०१५ साली खेळ आला आणि ते गुपितही कळले. क्वाएट आगीत होरपळली, परजीवींच्या उपचाराने वाचली, आता ती त्वचेनेच श्वास घेते आणि पाणी पिते. कपडे घातले तर गुदमरेल. झाले! चाहत्यांच्या हाती शास्त्र आले. कोणी बोट दाखवले की उत्तर तयार: कथा वाचा, कारण दिले आहे. पण ह्याच मालिकेतल्या २००४च्या खेळात 'द एंड' नावाचा एक म्हातारा नेमबाज होता. तोही झाडासारखा उन्हावर जगणारा, आणि त्याच्या अंगावर मात्र पुरते कपडे! ही विसंगती खुद्द काही चाहत्यांनीच दाखवली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आधी व्यवस्था लावायची, मग तिला निसर्गनियमाचे रूप देणारी कथा रचायची, ही रीत ह्या नियतकालिकाच्या वाचकाला मी काय सांगावी?

ह्या गोंधळात क्वाएटची गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. ती अचूक नेमबाज आहे. ती मुकी नाही. आपण इंग्रजीत बोललो तर रोग पसरेल म्हणून तिने स्वतः मौन धरले आहे, आणि शेवटी सोबत्याचा जीव वाचवण्यासाठी ती ते मोडते व निघून जाते. असे पात्र एखाद्या गंभीर कादंबरीतही शोभले असते. तिची जी बाहुली स्क्वेअर एनिक्सने काढली तिची छाती मऊ, दाबता येण्याजोगी केलेली होती, आणि ती दाबून दाखवणारी छायाचित्रे कोजिमाने स्वतः प्रसिद्ध केली. बाहुलीसोबत बंदूकही होती. त्याला दाखवावीशी वाटली ती छाती.

चाहत्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक विचार करण्याजोगा आहे: हे प्लास्टिक आहे, ह्यात दुखावले कोण? सायतो तामाकी ह्या जपानी मनोविकारतज्ज्ञाने २००० साली लढवय्या सुंदर मुलींच्या ह्या प्रतिमांवर पुस्तकच लिहिले. ह्या चाहत्यांना खरे-खोटे कळते, त्यांची ओढ काल्पनिकाकडे ते काल्पनिक आहे म्हणूनच असते, असे त्याचे प्रतिपादन. मला ते बऱ्याच अंशी पटते. बाहुली घेणारा प्रत्येकजण उद्या रस्त्यावर बाईचा हात धरेल असे म्हणणे उथळपणाचे आहे. पण अनिता सार्कीशियन ह्या खऱ्या बाईने खेळांतल्या स्त्रीचित्रणाची चिकित्सा मांडायला घेतली तेव्हा तिला धमक्यांचा मारा सोसावा लागला; २०१४ साली अमेरिकेतल्या यूटा येथील विद्यापीठातले तिचे व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झाले. प्लास्टिक गप्प असते तोवर सगळे सुखरूप. प्लास्टिकबद्दल बाई बोलली की पंचाईत.

म्हणून मी निंदकांच्या तंबूत जाऊन बसते असे मात्र नाही. 'झाका तिला' एवढेच ज्यांचे म्हणणे, त्यांची मला धास्तीच वाटते. अश्लीलतेचा शिक्का हाती असलेल्यांनी तो आपल्या कवितेवर कसा मारला हे आपण विसरलेलो नाही. २००९च्या बेयोनेटाचे उदाहरण घ्या. तिचे अंगचोपडे वस्त्र तिच्याच केसांचे, मोठा वार करताना ते सुटते, आणि हे रूप काढले मारी शिमाझाकी ह्या बाईने. अनेक बायकांना बेयोनेटा आवडते; तिच्या उघडेपणात त्यांना मस्ती दिसते, लाचारी दिसत नाही. मीमांसा करायची तर त्यांनाही ऐकले पाहिजे. उलट २०१३ साली 'डेड आयलंड: रिपटाइड' ह्या खेळाबरोबर प्रकाशकाने बिकिनीतल्या बाईचे रक्ताळलेले धड देऊ केले, शिर नाही, हातपाय नाहीत, तेव्हा सगळ्यांनाच शिसारी आली आणि प्रकाशकाला माफी मागावी लागली. तिथे तोडलेले दिसत होते म्हणून लोक ओरडले. जिथे हात शाबूत आहेत पण हातांचे काम तोडले आहे, तिथे कोणाला काही दिसत नाही.

आणि हातांचाच विषय निघाला म्हणून चाहत्यांच्या तिसऱ्या प्रतिक्रियेकडे वळते. ती सगळ्यांत सभ्य, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी. हे म्हणतात, आम्ही अंग पाहत नाही, कारागिरी पाहतो. आणि खरेच, त्यांची नजर तीक्ष्ण असते. मूळ साचा घडवणाऱ्या शिल्पकाराचे नाव खोक्यावर असते. चाहत्यांना ते पाठ असते. बोमे हा कायोदो कंपनीचा असाच एक मूर्तिकार. ताकाशी मुराकामीने १९९७ साली त्याच्या साहाय्याने माणसाच्या उंचीची बाहुली केली आणि तीच वस्तू कलादालनात 'कला' झाली. मुराकामीच्या अशाच एका पुतळ्याला २००८च्या लिलावात दीड कोटी डॉलरच्या वर किंमत आली. असो. दुकानातली बाहुली हाती आली की चाहता भिंग लावतो: ओठाचा रंग किंचित बाहेर गेला, केसांच्या जोडावर रेघ राहिली, जाहिरातीतल्या नमुन्यासारखा चेहरा उतरला नाही. बाहुली परत पाठवा!

माझी आई विड्या वळायची. संध्याकाळी माल द्यायला गेली की कारखान्याचा माणूस मूठभर विड्या वाईट म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे नाहीत, विड्या मात्र त्याच्याकडेच राहत. त्यामुळे 'रंग बाहेर गेला' हे वाक्य वाचले की मला बाहुलीचा ओठ दिसत नाही, दिवसाची कितवी बाहुली होती ती, हा प्रश्न पडतो. ह्या बाहुल्यांपैकी बहुतेक चीनमधल्या कारखान्यांत तयार होतात. रंगाचे बरेच काम हातानेच होते. खोक्यावर शिल्पकार आहे, नमुना रंगवणारा आहे, कंपनी आहे. प्रत्यक्षात हजारो ओठ रंगवणारी कुठेच नाही. खेळण्यांच्या धंद्यात हे हात पूर्वी एकदा दिसले होते, ते १९९३ साली. मे महिन्यात थायलंडमधल्या केडर कारखान्याला आग लागून १८८ माणसे मेली, नोव्हेंबरमध्ये चीनच्या शेन्झेनमधल्या झिली कारखान्यात ८७. दोन्हीकडे बहुतेक तरुण मुली. झिलीच्या खिडक्यांना गज होते आणि दारे बंद होती. तिथे बिशोजो बनत नव्हत्या, हे खरे. पण धंदा तोच, आणि शेन्झेन ज्या ग्वांगडोंग प्रांतात आहे तिथेच आजही जगाची खेळणी बनतात.

गुड स्माइल कंपनीने पुढे जपानमध्येच, तोत्तोरी प्रांतातल्या कुरायोशी गावी कारखाना काढला. तिथल्या मालाबद्दल 'जपानमध्ये बनलेला' हे आवर्जून सांगितले जाते. खोक्यावर शिल्पकाराच्या नावाखाली आणखी एक ओळ छापायला जागा असते. ग्वांगडोंगमधून आलेल्या खोक्यावर त्या जागी फक्त देशाचे नाव असते.