'हमारा' म्हणजे आमचा की आपला? : घोषवाक्यातील सर्वनामाविषयी

जाहिरातीचे घोषवाक्य विकण्यासाठी लिहिलेले असते, आणि विक्रीचा हेतू व वाङ्मयीन हेतू परस्परविरोधी मानण्याची आपली सवय जुनी आहे. त्यामुळे घोषवाक्याचा विचार आपण सहसा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांवर सोपवतो. परंतु आधुनिक साहित्यविचाराच्या दोन महत्त्वाच्या लेखांनी हा संकोच बाळगला नव्हता. रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये भाषेच्या काव्यात्म कार्याची मांडणी करताना आयसेनहॉवर यांच्या निवडणूक-प्रचारातील 'आय लाइक आइक' ही घोषणा उदाहरणादाखल घेतली. रोलां बार्थ यांनी १९६४ मध्ये पांझानी या फ्रेंच कंपनीच्या शेवयांच्या जाहिरातीचे चिन्हमीमांसेच्या अंगाने विश्लेषण केले. याकोबसन यांच्या विवेचनात 'आय' हा ध्वनी 'आइक' या नावातच सामावतो, म्हणजे प्रेम करणारा 'मी' हा प्रेमविषयात विलीन होतो. तेथे प्रश्न 'मी'चा होता. आपल्याकडच्या स्मरणीय घोषवाक्यांत मात्र 'आम्ही'चा प्रश्न वारंवार उभा राहतो, आणि मराठीत तो अधिक अवघड होतो.

हा प्रश्न येथे पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात विचारावयाचा आहे. या निवडीमागे स्थानाभिमान नाही. जाहिरातीतल्या वस्तू जेथे तयार होतात तो प्रदेश एक आणि जाहिरात जेथे ऐकली जाते तो दुसरा, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. या तालुक्यांत हे अंतर अनेकदा नाहीसे होते. साखर येथली, दूध येथले, आणि अलीकडच्या काळात स्कूटर व चॉकलेटही येथले. अशा जागी उभे राहून ऐकले म्हणजे घोषवाक्यातला बोलणारा कोण आणि तो कोठून बोलतो, हे विचारणे भाग पडते.

प्रथम श्रवणाचा इतिहास थोडक्यात पाहू. 'विविध भारती'वर व्यापारी जाहिराती १९६७ मध्ये सुरू झाल्या. मुंबई, पुणे आणि नागपूर ही त्यांची आरंभीची केंद्रे होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, दूरदर्शनवरील जाहिराती १९७६ पासून. ऐंशीच्या दशकात प्रक्षेपकांचे जाळे वाढले, १९८२ मध्ये रंग आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि 'रामायण'–'महाभारत' या मालिकांच्या काळात गावातल्या एका दूरचित्रवाणी संचासमोर अर्धी आळी बसू लागली. कारखान्याच्या वसाहतीत असो वा वाडीवर, त्या आळीने एक गोष्ट बरोबरीने ऐकली : हिंदी घोषवाक्य. मराठी श्रोत्याच्या एका पिढीच्या सामायिक स्मरणाचा मोठा भाग हा अशा रीतीने परभाषेत साठलेला आहे. त्याविषयी खंत व्यक्त करणे सोपे आहे. परंतु त्या भाषेचे मराठी कानात काय झाले, हे तपासणे अधिक उपयुक्त ठरेल.

पहिले उदाहरण 'पान पसंद' या गोळीचे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर आणि मालेगाव तालुक्यातील रावळगाव ही दोन्ही साखरगावे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगातून उभी राहिली, आणि 'पान पसंद' ही रावळगावची गोळी. जाहिरातीत एक स्त्री तिरसटपणे म्हणते, 'शादी? और तुमसे? कभी नहीं!' गोळी तोंडात विरघळल्यावर तीच स्त्री तेच शब्द उच्चारते, आणि नकाराचा होकार होतो. शब्द एकही बदलत नाही; बदलतो तो सूर. आपल्या साहित्यशास्त्रात याला नाव आहे. रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेष आणि काकू असे दोन प्रकार सांगितले. त्यांतली ही काकू. आवाजाच्या वळणाने अर्थ उलटतो, हे शास्त्रकाराने ज्या नेमकेपणाने नोंदवले, त्याच नेमकेपणाने येथे गोळीची 'मिठास' सिद्ध केली आहे. वस्तूचा गुण वर्णन न करता तो उच्चारातच घडवून दाखवणे, हे या जाहिरातीचे खरे यश. म्हणूनच हिंदीचा फारसा सराव नसलेल्या श्रोत्यालाही ती कळली. सूर भाषांतराची वाट पाहत नाही.

रावळगावच्या गोळ्यांची व्यापारचिन्हे २०२४ मध्ये २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाकडे गेली. साखर, यंत्रे आणि जमीन यांहून निराळे असे काहीतरी त्या व्यवहारात विकले गेले, आणि ते म्हणजे लोकांच्या आठवणीत टिकलेला एक सूर होय. म्हणीला मालक नसतो. घोषवाक्याला असतो, आणि तो बदलूही शकतो. मौखिक परंपरेतील उक्ती व जाहिरातीतील उक्ती यांत रूपाचे साम्य कितीही असले, तरी हा भेद विसरून चालणार नाही.

दुसरे उदाहरण 'हमारा बजाज'. लिंटास या संस्थेने केलेली ही जाहिरात १९८९ ची. नाना प्रकारचे, नाना प्रांतांचे साधे लोक आणि त्यांची स्कूटर, एवढेच तिच्यात दिसत असे. 'हमारा' या एका शब्दावर तिचा सारा भार होता. आता हे दोन शब्द मराठीत आणून पाहावेत. हिंदीतील 'हमारा' ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, हे सांगत नाही. मराठीत मात्र, गुजराती आणि द्राविडी भाषांप्रमाणे, दोन 'आम्ही' आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारा 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारा 'आपण'. 'आमचा बजाज' म्हटले की कारखानदार बोलतो आहे असे वाटते. 'आपला बजाज' म्हटले की शेजारी बोलतो आहे असे वाटते. हिंदी घोषवाक्याला या दोहोंत निवड करावी लागली नाही. बोलणारा मालक असूनही ऐकणाऱ्याला आपण मालक असल्याचा भास व्हावा, ही किमया त्या अनिश्चित सर्वनामाने साधली. हिंदीत जवळीक दाखवणारा 'अपना' उपलब्ध होता. घोषवाक्याने तो घेतला नाही. 'अपना' गल्लीतला शब्द आहे, 'हमारा' राष्ट्राचा.

हे राष्ट्र तरी कोणाचे? ज्या चेतक स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहिली, ती त्यांची 'हमारा' होती ती प्रामुख्याने इच्छेच्या पातळीवर. शिवाय तिचे कूळ इटलीचे होते. बजाज कंपनी पियाज्जिओ या इटालियन कंपनीच्या परवान्याने व्हेस्पा बनवीत असे. तो परवाना १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. पुढे काळाने या गोष्टीला एक विलक्षण जोड दिली. पियाज्जिओने बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहनांचा कारखाना काढला, आणि २०१२ पासून व्हेस्पा तेथे तयार होऊ लागली. बार्थ यांनी पांझानीच्या जाहिरातीत दाखवलेला 'इटालियनपणा' येथे आठवावा. फ्रेंच माल इटलीच्या रंगांनी सजवला जातो, तसा बारामतीत जुळवलेला माल इटालियन डौलाने विकला जातो. म्हणजे इटालियन वंशाची स्कूटर 'हमारा' म्हणून विकली गेली आणि बारामतीची स्कूटर इटालियन म्हणून. दोन्ही वेळा जागेचे नाव लपले. फेरेरो कंपनीची चॉकलेटेही २०११ पासून बारामतीत तयार होतात. ज्या मुलांना त्या अंड्याच्या आकाराच्या वेष्टनाचा मोह पडतो, त्यांतली काही त्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहतात, हे जाहिरात सांगत नाही. सांगण्याचे तिला कारणही नाही. समीक्षेने मात्र ते विचारावयास हवे, कारण संहितेतून काय गाळले गेले हे पाहणे तिच्या कामाचाच भाग आहे.

येथे असा आक्षेप येऊ शकेल की सर्वनामावर इतका भार टाकणे ही अभ्यासकाची हौस झाली. ग्राहक स्कूटर पाहतो, व्याकरण पाहत नाही. परंतु 'हम दो, हमारे दो' या सरकारी घोषवाक्याने हा आक्षेप परतवता येतो. मराठीत 'आपण दोघे, आपली दोन' म्हटले तर तो नवराबायकोचा घरातला संवाद होतो. 'आम्ही दोघे, आमची दोन' म्हटले तर ते जोडपे घराबाहेरच्या कोणाला तरी हिशेब देत आहे असे होते. एक कुजबुज आहे, दुसरी जबानी. हिंदी घोषवाक्यात दोन्ही सूर मिसळलेले राहतात, आणि शासनाला नेमके तेच सोयीचे होते : स्वतः बोलावयाचे, पण आवाज जोडप्याचा लावावयाचा. श्रोत्याला व्याकरण ठाऊक नसते असे नाही. ते त्याच्या कानात असते. फक्त त्याला नाव नसते.

तिसरे उदाहरण निराळ्या वाटेने जाते. लूना ही मोपेड पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणली. तिचे 'चल मेरी लूना' हे घोषवाक्य पीयूष पांडे यांचे. दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीकडे निघालेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही. 'चल' हे आज्ञार्थी रूप हिंदीचे जितके, तितकेच मराठीचे. बैलाला, मुलाला, वाहनाला, स्वतःलाही आपण 'चल' म्हणतो. येथे 'आम्ही' नाही. माणूस आपल्या वाहनाशी एकट्याने बोलतो आहे, आणि कंपनी त्या बोलण्यातून बाहेर राहिली आहे. लूना रस्त्यावरून दिसेनाशी झाल्यावरही हे शब्द उरले, आणि ज्याचा मोपेडशी काही संबंध नाही अशा अडलेल्या कामालाही लावले गेले. २०२४ मध्ये विजेवर चालणारी लूना बाजारात आली तेव्हा वस्तूला आपल्याच घोषवाक्याचा आधार घ्यावा लागला. घोषवाक्य म्हण होण्याच्या सर्वांत जवळ येते ते असे : त्यातला मालक विसरला जातो तेव्हा.

शेवटी भिंतीकडे वळू. दूरदर्शनच्या पडद्यावर हिंदी जे करीत होती, ते गावच्या भिंतीवर मराठी करीत होती. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे त्या परंपरेतील सर्वांत बांधीव वाक्य. दोन समान पदे, 'अडवा–जिरवा' ही यमकाची जोडी, आणि पाण्याच्या गतीचा क्रम जसाच्या तसा वाक्याच्या क्रमात. याकोबसन यांच्या कसोटीलाही ते उतरावे. त्यात सर्वनाम नाही. बोलणारा, म्हणजे शासन, वाक्याबाहेर उभे आहे, आणि ऐकणाऱ्याला आदरार्थी आज्ञा मिळाली आहे.

पण ही आज्ञा कोणाला? भर्तृहरीने शब्दार्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींत देश आणि काल यांची गणना केली आहे, आणि या दोन तालुक्यांइतके त्याचे प्रत्यंतर क्वचितच मिळेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूरच्या एका पट्ट्याला भिजवीत आला आहे. या पट्ट्यात ऊस आहे, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने आहेत. त्याच तालुक्यांत जिरायत गावेही आहेत, जेथे पाऊस चुकला की टँकरची वाट पाहावी लागते. बागायती गावच्या भिंतीवर हे वाक्य सुविचार होते. जिरायती गावच्या भिंतीवर ते उपदेश होते, आणि कधी उपहासही, कारण अडवावयास आधी पाणी पडावे लागते. अक्षरे तीच, रंगही बहुधा तोच. फक्त भिंत वेगळ्या गावात उभी. पान पसंदच्या जाहिरातीत सूर जे करतो, ते येथे जागा करते.

या सर्व उदाहरणांतून समीक्षेच्या हाती एक साधी कसोटी लागते. घोषवाक्य आकर्षक आहे का, हा प्रश्न विक्रेत्याचा झाला. त्यातील 'आम्ही'त कोण आहे, कोणाला त्याने बाहेर ठेवले, आणि ते कोठे उभे राहून वाचले जाते, हे प्रश्न आपले आहेत. हिंदीच्या 'हमारा'ने मराठी श्रोत्याला एका मोठ्या घरात बसल्याचा आनंद दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. तो आनंद खरा होता. परंतु मराठीने आपल्या व्याकरणात 'आमचे' आणि 'आपले' यांच्यामधली जी भिंत शतकानुशतके सांभाळली, ती उगाच नव्हे. कालव्याचे पाणी 'आमचे' आहे की 'आपले', हे या मुलुखात शेताच्या बांधावर ठरत असते, आणि तेथे संदिग्ध सर्वनाम कोणालाही परवडत नाही.