एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो

‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो…’ मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा, हे वाक्य न अडखळता म्हणून दाखवेल. एकदा त्याचा क्रम मात्र नीट बघा. पहिला नमस्कार व्यासपीठाला, म्हणजे लाकडी फळ्यांना. दुसरा गुण देणाऱ्यांना. आणि ज्यांच्याशी बोलायचं ते शेवटी, सतरंजीवर मांडी घालून बसलेले. मराठी मुलांना बोलायला कसं शिकवलं जातं याची समीक्षा करायची, तर मला वाटतं या एका वाक्यापासूनच सुरुवात करावी.

शालेय वक्तृत्व स्पर्धेतलं भाषण हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. कीर्तन, पोवाडा, लावणी यांचा अभ्यास होतो, याचा कुणी करत नाही. त्याचे नियम मात्र पक्के असतात. लिहिणार सर किंवा मॅडम, क्वचित वडील. सुरुवातीला चार ओळींची चारोळी. मग थोर व्यक्तीचा जन्म, गाव, आईचं नाव, वडिलांचं नाव. मध्ये ‘पण मित्रहो’ म्हणून आवाज चढवायचा आणि उजवा हात खांद्यापर्यंत न्यायचा. शेवटाला ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. ते दोन शब्द पाच मिनिटं चाललेले असतात. पहिली घंटा चार मिनिटांना, दुसरी पाचला. परीक्षक ऐकत असतात ते पाठांतर. पोरगं मध्येच अडकलं की सगळा हॉल श्वास रोखतो, कारण पुढचं वाक्य काय असणार हे त्या पोराइतकंच हॉललाही ठाऊक असतं.

या प्रकाराची टिंगल करणं सोपं आहे, आणि ती पुण्या-मुंबईत भरपूर होते. हातकणंगल्यासारख्या तालुक्याच्या गावातून बघितलं की चित्र थोडं वेगळं दिसतं. सातवीतल्या मुलीला चारशे माणसांसमोर एकटीनं उभं राहायची आणि सगळ्यांनी गप्प बसून तिचं ऐकायची संधी कुठे मिळते? घरात नाही, ग्रामसभेत नाही, लग्नात तर नाहीच. वक्तृत्व स्पर्धेत मिळते. पाय थरथरत असताना आवाज काढायचा ही सवय तिथेच लागते, आणि ती खोटी नसते. माझी तक्रार पुढची आहे. उभं राहायला शिकवलं जातं. काय सांगायचं, कुणाला सांगायचं आणि ऐकून त्यानं काय करावं, हे शिकवायचं राहून जातं.

कल्पना चावलाचं उदाहरण घ्या. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या शाळांमधून तिच्यावर किती भाषणं झाली असतील याला हिशेब नाही. हरियाणातलं कर्नाल, चंदीगडचं इंजिनिअरिंग, अमेरिका, अंतराळ, १ फेब्रुवारी २००३, आणि मग ‘तिची स्वप्नं आकाशात विलीन झाली’ असं काहीतरी. टाळ्या. या सगळ्या भाषणांतून एक गोष्ट हमखास गळते, आणि ती खुद्द बोलण्याच्या कलेशी संबंधित आहे.

कोलंबिया यान उडताना टाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना इंजिनिअरांनी त्याचा अभ्यास केला आणि निष्कर्ष वरिष्ठांपुढे पॉवरपॉइंटवर मांडले. त्यातली एक स्लाईड पुढे कुप्रसिद्ध झाली. मथळा वाचला तर वाटावं की काळजीचं कारण नाही. खाली बुलेट, बुलेटच्या पोटात उपबुलेट, त्याच्या पोटात आणखी एक. आणि अगदी तळाला बारीक अक्षरात खरी गोष्ट: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १९२० घन इंच, आणि ज्या चाचण्यांच्या भरवशावर आपण बोलतोय त्यांतल्या तुकड्याचं ३ घन इंच. म्हणजे ६४० पट फरक. साध्या मराठीत सांगायचं तर, ‘आम्ही तपासलेली गोष्ट ही नव्हेच.’ हे वाक्य मथळ्यात असायला हवं होतं. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकानं त्या स्लाईडची ओळ न् ओळ सोलून दाखवली, आणि ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानंही तांत्रिक मजकुराच्या जागी अशा स्लाईड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. अपघात स्लाईडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही. सात माणसं वर असताना खाली महत्त्वाची गोष्ट शेवटच्या ओळीत गेली, एवढं मात्र खरं.

सॉफ्टवेअरमध्ये काम करत असल्यानं ती स्लाईड मला फारच ओळखीची वाटते. तसल्या मी दर आठवड्याला बघतो. मथळा ‘प्रोजेक्ट स्टेटस: ग्रीन’ आणि सातव्या बुलेटमध्ये, ‘काही अवलंबित्व प्रलंबित’. त्या सातव्या बुलेटचा अर्थ असतो की तारीख हुकणार. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं. तेव्हापासून जगभरच्या ऑफिसांत जी भाषा तयार झाली, ती आणि आपलं शालेय भाषण ही सख्खी भावंडं आहेत. एकात चारोळी, दुसऱ्यात बुलेट. दोन्हीकडे ठरलेल्या साच्यात ठरलेला मजकूर ओतायचा आणि वेळेत संपवायचं. दोन्हीकडे दावा टाळता येतो. खरं तर टाळण्यासाठीच साचा वापरला जातो.

दावा म्हणजे काय, हे बघायला आमच्या तालुक्याबाहेर जायची गरज नाही. माणगाव हातकणंगले तालुक्यातच आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष भीमराव आंबेडकर. वय अठ्ठावीस, म्हणजे हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या आसपासचं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले (नावाचा योगायोग), मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलेले, ‘मूकनायक’ सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. आणि त्या मांडवात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज स्वतः आले आणि बोलले.

शाहूंचं ते भाषण छापील स्वरूपात मिळतं. वक्तृत्व शिकणाऱ्यानं ते जरूर वाचावं, पण अलंकार शोधायला नव्हे, ते तिथे फारसे सापडणार नाहीत. तांत्रिकदृष्ट्या तो ‘पाहुण्यांचा परिचय’ आहे. म्हणजे आपल्याकडे ज्याची सगळ्यात जास्त माती होते तो प्रकार. परिचय म्हटलं की आपण पदव्यांची यादी वाचतो, ‘ज्यांच्या परिचयाची गरज नाही’ म्हणून दहा मिनिटं परिचय देतो. शाहूंनी समोरच्यांना मुद्द्याचं सांगितलं: तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, हा माणूस पुढे साऱ्या देशाचा पुढारी होईल. आणि आंबेडकरांना आपल्या कॅम्पवर जेवायला यायचं जाहीर आमंत्रण दिलं.

यातली प्रत्येक गोष्ट तपासून बघा. दावा एकच आहे. तो खोटाही ठरू शकला असता. एका अठ्ठावीस वर्षांच्या प्राध्यापकाबद्दल छत्रपतींनी भर सभेत आपली पत पणाला लावली. ‘हे उद्याचे आशास्थान आहेत’ छापाचं वाक्य कधीच खोटं ठरत नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नसतं. आणि जेवणाचं आमंत्रण! १९२० साली राजानं अस्पृश्य मानलेल्या माणसाला सगळ्यांदेखत सहभोजनाला बोलावणं म्हणजे समतेवर वीस स्लाईड दाखवण्यापेक्षा मोठं काम. भाषणाचा पुरावा भाषणातच देऊन टाकला. आजकालच्या प्रशिक्षणात याला ‘डेमो’ म्हणतात आणि तो शेवटी पाच मिनिटं उरली तर दाखवतात.

यावर कुणी म्हणेल की राजाला काय, तो काहीही बोलला तरी ऐकतातच. मान्य. पण म्हणूनच त्याला गुळमुळीत बोलूनही चाललं असतं. अधिकार असलेली माणसं सहसा तेच करतात.

आपल्याकडे चांगल्या वक्त्यांची वानवा कधीच नव्हती. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून आहे. प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांची व्याख्यानं अजूनही यूट्यूबवर ऐकली जातात, बसमध्ये इअरफोन लावून ऐकणारे मी पाहिलेत. मलाही ती आवडतात. पण विद्यार्थ्यांनी त्यांचं काय केलं ते बघा. त्यांची लांब, तोललेली, संस्कृतप्रचुर वाक्यं उचलली आणि त्यामागचं प्रचंड वाचन तिथेच ठेवलं. म्हणून तालुका पातळीवर दर तिसरा वक्ता भोसल्यांच्या आवाजात बोलतो आणि दुसऱ्या परिच्छेदात त्याचं सामान संपतं. शिकायला त्यापेक्षा नारदीय कीर्तन बरं, असं माझं मत आहे. पूर्वरंगात एक अभंग घेऊन एकच मुद्दा सोडवायचा, उत्तररंगात तोच मुद्दा गोष्टीत घालून दाखवायचा. मध्ये भजन, म्हणजे श्रोत्याला श्वास घ्यायला जागा. ज्यांना स्टोरीटेलिंगची कार्यशाळा हजारो रुपयांना विकली जाते, त्यांच्या आजीला हे देवळात फुकट मिळत होतं.

भाषेचा मुद्दा मात्र कीर्तनानं सुटत नाही. आमच्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांची खरी अडचण इंग्रजी आहे असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. या पोरांना दोन भाषांत गप्प बसायला शिकवलेलं असतं. व्यासपीठावर ‘शुद्ध’ मराठी, जी घरी कुणी बोलत नाही. प्रोजेक्टरसमोर पाठ केलेलं इंग्रजी, जे वर्गात कुणी बोलत नाही. विचार होतो तो तिसऱ्याच भाषेत, आणि तिला कुठेच माईक नाही.

तालुक्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांची प्रोजेक्टची तयारी घ्यायला मी गेलो होतो. इचलकरंजीची एक मुलगी होती. तिची पहिली स्लाईड इंट्रोडक्शन, दुसरी ऑब्जेक्टिव्ह, तिसरी लिटरेचर सर्व्हे. पाच मिनिटं झाली तरी प्रोजेक्ट कशाचा आहे ते कळेना. लॅपटॉप बंद करून मी विचारलं, ‘हे कुणासाठी केलंस?’

‘पप्पांसाठी,’ ती म्हणाली. मग एकदम सुटलीच. ‘दादा, आमचे चार माग आहेत, साधे. उभा दोरा तुटला तरी माग चालूच राहतोय. पप्पा दुसऱ्या मागावर असले की कळतच न्हाई. मग कापडात चीर पडल्यागत दिसतंय आणि व्यापारी दर पाडतोय. आम्ही सेन्सर बसवलाय, दोरा तुटला की माग थांबतोय.’

अर्धा मिनिटही लागला नसेल. माणूस, अडचण, पैसा, उपाय, सगळं जागेवर. बाकीची मुलं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. मी म्हटलं, हीच पहिली स्लाईड. तुटलेल्या दोऱ्याचा फोटो लाव, वर एकच ओळ लिही: दोरा तुटला तरी माग थांबत नाही. इंग्रजीत सांगायचं असेल तर हेच इंग्रजीत सांग, वाक्यं छोटी ठेव, चुकलं तर चुकू दे. ती म्हणाली, लिटरेचर सर्व्हे काढला तर गाईड सही करणार नाहीत. मग तो काढला नाही, सातव्या नंबरला ढकलला. मथळे बदलायला तासभर गेला. ‘रिझल्ट्स’च्या जागी, महिन्याभरात माग किती वेळा थांबला आणि त्यामुळे किती मीटर कापड वाचलं तो आकडा आला. तिनं तो वहीत लिहून ठेवलेला होता, फक्त स्लाईडवर घालायचा असतो असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षा झाल्यावर तिचा मेसेज आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लिटरेचर सर्व्हेबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. माग थांबल्यावर दोरा परत जोडायला किती वेळ लागतो, आणि तेवढ्यात मजुरी बुडते ती कुणाची, असं त्यांनी विचारलं. पहिल्याचं उत्तर तिच्याकडे होतं. दुसऱ्यावर ती आता पप्पांशी बोलतेय.