फोलपटांचा संग्रह

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आपल्याकडे घरोघर जे चालते त्याला साफसफाई म्हणण्याची पद्धत आहे. खरे पाहता तो न्यायनिवाडा असतो. माळ्यावरची एकेक वस्तू खाली उतरते, घरच्या कर्त्या बाईपुढे उभी राहते, आणि ठेवायचे की टाकायचे ह्याचा निकाल एका वाक्यात लागतो. अपील नसते. बहुतेक घरांतल्या व्हिडिओ कॅसेटींचा निकाल असाच कधीतरी लागून गेला. लग्नाची तेवढी ठेवली. बाकीच्या, म्हणजे ज्यांवर कुणी टेलिव्हिजनवरचे काहीबाही उतरवून घेतले होते त्या, भंगारवाल्याच्या पोत्यात गेल्या. त्या पोत्याविषयी मला लिहावयाचे आहे. निमित्त आहे एका माहितीपटाचे.

‘रेकॉर्डर : द मॅरियन स्टोक्स प्रोजेक्ट’ हा मॅट वुल्फ ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा माहितीपट २०१९ साली आला. त्याची नायिका फिलाडेल्फिया शहरातली एक कृष्णवर्णीय बाई. जन्म १९२९ चा. तरुणपणी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करीत असे, डाव्या राजकारणात पडली, आणि पुढे ती नोकरीही राहिली नाही. १९७९ च्या नोव्हेंबरात तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीतली माणसे ओलीस धरली गेली. त्या बातमीचे रूप दिवसागणिक कसे पालटते आहे हे ह्या बाईंनी हेरले, आणि घरच्या यंत्रावर त्या नेमाने बातम्या उतरवून घेऊ लागल्या. १९८० साली चोवीस तास बातम्या देणारी सी.एन.एन. ही वाहिनी निघाली; मग रात्रही त्यांची उरली नाही. एकावेळी आठ-आठ यंत्रे चालत. कॅसेट संपावयाच्या वेळेला हाताशी माणूस हवे, म्हणून बाहेर जेवायला गेलेले कुटुंब जेवण आटोपते घेऊन घरी परते. हे तेहतीस वर्षे चालले. १४ डिसेंबर २०१२ रोजी बाई गेल्या. तोवर कॅसेटी सत्तर हजारांच्या घरात पोहोचल्या होत्या. त्या ठेवण्यासाठी निरनिराळ्या जागा घ्याव्या लागल्या. पती सधन होते, आणि ॲपल कंपनीचे समभाग बाईंनी स्वस्ताईच्या काळात घेऊन ठेवले होते. म्हणून हे निभले. गरिबाच्या घरी असल्या छंदाला वेड म्हणतात.

श्रीमंताच्या घरीही वेडच म्हणतात, हे चित्रपटातल्या नातलगांच्या बोलण्यावरून कळते. पण ते वेड आहे की काम आहे, हाच खरा प्रश्न आहे.

मी कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे साहित्यशास्त्राचे मोठे सिद्धान्त मला येत नाहीत. पण लिहिताना एक गोष्ट हाताला कळते, की आमचा सगळा धंदा पाखडण्याचा आहे. सूप हातात घ्यावे, चार वेळा झटकावे, फोलपट वाऱ्यावर सोडावे आणि उरतील ते दाणे वाचकाच्या ओंजळीत घालावेत. शाळेतही मी मुलींना निबंधातली निम्मी वाक्ये खोडायला लावते. त्यामुळे जिने एकही दाणा पाखडला नाही, सगळे पीक कोंड्यासकट कोठारात भरले, ती बाई माझ्या दृष्टीने कलेच्या बाहेरची ठरावयाची. तरी चित्रपट पाहताना मला सारखी आठवण झाली ती म्हाइंभटांची.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्याला जे आठवत होते ते त्याच्याकडे जाऊन विचारले. स्वामी काय बोलले एवढेच नव्हे. कुठल्या देवळात उतरले, काय जेवले, कोण रुसले, कोणी समजूत घातली, सगळे. एखाद्या चतुर संपादकाने त्यातले अर्धे ‘किरकोळ’ म्हणून काढले असते. आणि आज यादवकाळातला माणूस काय खात होता, कसा बोलत होता हे पाहावयाचे तर आपण त्या किरकोळातच जातो. पुढे मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि शिष्यांच्या पाठांतरातून ‘लीळाचरित्र’ पुन्हा उभे करावे लागले, हेही ध्यानात ठेवावे. त्याची गरज पुढे पडणार आहे.

स्टोक्सबाईंच्या कॅसेटींत मोल आहे ते ह्या किरकोळाचे. वाहिन्यांनी आपल्या बातम्या जपल्या नसतील असे नाही. पण बातमीच्या अलीकडची साबणाची जाहिरात, पलीकडचा हवामानाचा अंदाज, निवेदकाची अडखळ, सकाळी ज्या शब्दात सांगितले तेच संध्याकाळी कोणत्या शब्दात सांगितले, हे सारे जोडून, एकसंध, फक्त घरच्या यंत्रात उतरते. मोठ्या घटनेचे चित्र कुणीही जपतो. घटना घडण्यापूर्वीचा दीड मिनिट कोण जपतो?

चित्रपटातला एक प्रसंग ह्याच कारणाने मनातून जात नाही. ११ सप्टेंबर २००१ ची सकाळ. वुल्फ ह्यांनी पडद्याचे चार भाग केले आहेत. चार चौकटींत चार वाहिन्या, तीच मिनिटे. एका चौकटीत जळता मनोरा दिसू लागतो. उरलेल्यांत अजून गप्पागोष्टी चालू आहेत, जाहिराती हसत आहेत. मग एकेक चौकट त्या धुराकडे वळते, आणि शेवटी चारही चौकटींत एकच चित्र होते. निवेदन नाही, संगीताने केलेली ढकलाढकल नाही. जगाला एखादी गोष्ट कळते म्हणजे काय होते, ते इतक्या साधेपणाने दाखविलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. आणि हे शक्य झाले कारण एका बाईने चारही यंत्रे चालू ठेवली होती, त्या दिवशी काही घडणार आहे हे ठाऊक नसताना.

इतर ठिकाणी मात्र दिग्दर्शकाने मला निराश केले. सत्तर हजार कॅसेटींची किल्ली हाती आली, आणि त्याने कोठार उघडून बाहेर काढले काय, तर बहुतेक त्याच मोठमोठ्या घटना, ज्या कुठल्याही वाहिनीच्या दप्तरात सापडल्या असत्या. मधली फोलपटे येतात, पण डोळ्यांपुढून भुरकन निघून जातात. बाईंनी जे पाखडले नाही ते ह्यांनी पाखडले! मला वाटत होते, एखाद्या फुकट गेलेल्या मंगळवारची दुपार सलग पंधरा मिनिटे दाखवावी. प्रेक्षक कंटाळला असता, हे खरे. पण त्या कंटाळ्यातच ह्या संग्रहाचा अर्थ होता.

कुणी म्हणेल, जपण्याचे काम संस्थांचे. घरच्या माणसाने त्यात का पडावे? ह्याला बी.बी.सी.चा इतिहास हेच उत्तर आहे. त्या काळची दोन इंच रुंदीची चित्रफीत फार महाग असे, आणि पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम पुनःपुन्हा दाखवता येत नसे. मग ठेवून करावयाचे काय? पुसा. ‘डॉक्टर हू’ ही मुलांची आवडती मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले, आणि त्यांतले शंभराच्या आसपास गहाळ झाले. पण त्या गहाळ भागांपैकी प्रत्येकाचा आवाज शिल्लक आहे. तो बी.बी.सी.ने ठेवला नाही. घरोघरच्या मुलांनी टेलिव्हिजनपुढे टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन धरून, घरच्यांना गप्प बसवून, तो उतरवून घेतला होता. काही हुशार मुलांनी संचातूनच तार काढून यंत्राला जोडली होती. १९६६ सालच्या ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ ह्या सहा भागांच्या कथेचा एकही भाग चित्ररूपाने हाती नव्हता. २०१६ साली अशा घरगुती ध्वनिमुद्रणावर नवी रेखाचित्रे चढवून बी.बी.सी.ने ती पुन्हा लोकांपुढे आणली. पोथी गेली, पाठांतर राहिले, म्हाइंभटांचीच कथा.

ही एकट्या बी.बी.सी.ची गोष्ट नाही. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या दृश्याच्या मूळ चुंबकीय फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासाला २००९ साली स्वतःच जाहीर करावा लागला. सुदैवाने प्रक्षेपित झालेले चित्र इतरत्र जपलेले होते.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. रंगीत संच आणि व्हीसीआर मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात येऊ लागले ते १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास आणि नंतर. म्हणजे मधल्या दहा वर्षांत मराठी घरांनी संध्याकाळी एकत्र बसून जे पाहिले त्याची घरची प्रत जवळपास नाहीच. केंद्राने ठेवले असेल ते उरले. नसेल ठेवले, तर ते कुणाच्या माळ्यावर सापडेल ही आशाही नाही. फार तर एखाद्या हौशी काकांच्या टेपरेकॉर्डरवर आवाज सापडेल. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ पाहून हसलेली माणसे आज सत्तरीला आली. त्यांच्या आठवणी कुणी म्हाइंभट विचारायला जाईल का, ठाऊक नाही.

संग्राहकांविषयी मात्र भाबडेपणाने बोलणे बरे नाही. जुन्या मैफलींच्या फिती जपणारे रसिक आपण पाहिले आहेत. फीत आहे एवढे सांगतात, ऐकवीत नाहीत. ऐकवली तर प्रत देत नाहीत. दुर्मिळपणा हाच त्यांचा राग आणि तोच ताल. टेलिव्हिजनच्या फिती जमवणाऱ्यांतही ही जात आहे. पण त्यांच्या लपवालपवीला भीतीचेही कारण होते. बॉब मंकहाउस हा इंग्लंडचा लोकप्रिय विनोदी नट. घरी मुद्रणयंत्र आणणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक. शिवाय चित्रपटांचा मोठा संग्राहक. त्या चित्रपटांपायी त्याच्यावर वितरकांना फसवल्याचा खटला झाला. १९७९ साली न्यायालयाने त्याला सोडले, पण जप्त झालेला बराचसा संग्रह परत आला नाही. तो २००३ साली वारला, आणि त्याने उरवून ठेवलेल्या हजारो कॅसेटींत, जे कार्यक्रम कायमचे गेले असे सगळे समजत होते त्यांतले काही निघाले! अमेरिकेत घरी कार्यक्रम उतरवून घेणे हा गुन्हा नव्हे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ठरविले, तेही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी. त्या खटल्यात फ्रेड रॉजर्स ह्या मुलांच्या कार्यक्रमाच्या निवेदकाने साक्ष दिली होती, की माझे कार्यक्रम कुटुंबांनी उतरवून घेऊन सवडीने पाहावेत ह्यात मला आनंदच आहे. एका शिक्षिकेला ह्या साक्षीचे कौतुक वाटावे हे साहजिक आहे.

स्टोक्सबाई लपवणाऱ्यांतल्या नव्हत्या. हे सारे पुढच्यांसाठी आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. पण त्या श्रद्धेची किंमत घरच्यांनी दिली, आणि चित्रपटाने ती झाकलेली नाही, हे वुल्फ ह्यांचे मोठे श्रेय. मुलाशी वर्षानुवर्षे दुरावा. पतीच्या पहिल्या संसारातल्या मुलींना वडील परके झाले. बाई कडक होत्या, हेका सोडीत नसत, माणसापेक्षा यंत्राची वेळ सांभाळीत. कॅमेऱ्यापुढे बोलताना मुलाच्या चेहऱ्यावर राग आणि अभिमान आलटून पालटून येतात, आणि दिग्दर्शक त्यांतला एकही पुसत नाही. ‘थोर बाई’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे होते. बाई थोर होत्या की नाही ह्याचा निर्णय मी देणार नाही. पण त्यांच्या घरी मला मूल म्हणून जन्मायला आवडले नसते.

तरीही त्याच मुलाने आईच्या माघारी भंगारवाल्याला बोलावले नाही. संग्रह सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेला दिला, आणि २०१३ साली चार मोठे कंटेनर भरून कॅसेटी तिकडे गेल्या. पुढचे काम किती, ते गणिताच्या तासाला घालावे असे उदाहरण आहे. एक कॅसेट सहा तासांची धरली, तर सत्तर हजार कॅसेटींचे चार लाख वीस हजार तास. एक यंत्र अहोरात्र चालवले तरी अठ्ठेचाळीस वर्षे. आणि फितीला तेवढे आयुष्य असेलच असे नाही. तिच्यावरचा लेप सुटतो, ओलसर हवेत बुरशी धरते. आपल्या कोकणात तर चार पावसाळे पुरेत. यंत्रांचीही तीच गत. व्हीसीआर बनविणारी जपानची फुनाई कंपनी टिकून होती, तिनेही २०१६ साली ते बंद केले. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट अजून असेल, तिच्यावर ‘काहीबाही’ असे लिहिले असेल, त्यांनी यंदा निकाल जरा लांबणीवर टाकावा.

ह्या संग्रहात बातम्यांहून जुनी अशी एक गोष्ट आहे. १९६० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या स्थानिक केंद्रावर रविवारी सकाळी ‘इनपुट’ नावाचा चर्चेचा कार्यक्रम होत असे. पुढे पती झालेल्या जॉन स्टोक्स ह्यांच्याबरोबर बाईच तो चालवीत. निरनिराळ्या मतांची माणसे एकत्र बसवून बोलते करावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप. त्याच्या फिती बाईंनी जपल्या होत्या, आणि इंटरनेट आर्काइव्हने त्या लोकांना खुल्या केल्या आहेत. पुढची तेहतीस वर्षे पडद्यासमोर बसलेली ही बाई त्यात पडद्याच्या आत, इतरांच्या बरोबरीने बसून वाद घालताना दिसते.